गुडघ्यापासून बगलेपर्यंत

मंगळवारी नऊ वर्षांची पोरं.
हेल्मेट डोक्यावर डुगडुगतं, शर्ट मांड्यांपर्यंत,
आणि पिचरच्या हातून सुटलेला चेंडू
आधी आभाळाची विचारपूस करतो, मग खाली येतो.
इथे मी दार सताड उघडं ठेवते.
खांद्याला घासून गेला? स्ट्राइक.
प्लेटच्या वीतभर बाहेरून? तोही.
नाहीतर चार-चार बॉलवर सगळी नुसती चालत राहतील
आणि धान्याच्या कोठारामागे सूर्य बुडाला
तरी एकाही पोराची बॅट हलणार नाही.

गुरुवारी हायस्कूल. दार अर्धं लोटते.
रविवारी गावागावांची लीग:
पोट सुटलेले वेल्डर, एक दाताचा डॉक्टर,
कधीकाळी कॉलेजात खेळलेले
आणि ते विसरू न शकलेले.
त्यांना फट पुरते.
फटीतून गेला की नाही गेला, यावर ते
माझ्याशी बायकोशी भांडावं तसे भांडतात,
म्हणजे तीन वर्षांपूर्वीची प्रकरणं काढून.

नियमात लिहिलंय: गुडघ्यापासून बगलेपर्यंत.
कोणाच्या वयाच्या गुडघ्यापासून, ते लिहिलेलं नाही.
चेंडू तोच, लाल दोऱ्याची शिवण तीच,
मंगळवारचा खरा रविवारी खोटा.
मी यावर फार विचार करत नाही.
(पोस्टाच्या गाडीत, दुपारी, करते.)

वेंडेलचे गुडघे गेले तेव्हा
मास्क माझ्या हाती देत तो म्हणाला,
"आर्डिस, चेंडूबद्दल बोलले तर ऐक.
तुझ्याबद्दल बोलले तर तो वारा.
नेब्रास्कात वाऱ्याला कोण उत्तर देतं?"
आणि, "हात वर करण्याआधी एक श्वास घे.
घाईत दिलेला बरोबर निकालसुद्धा
चुकल्यासारखा दिसतो."

ऐकलंय मी सगळं.
डोळे गहाण टाकलेस का.
घरी जा, भांडी खोळंबलीत.
घडीच्या खुर्चीतून उठून एका आजीने
जाळीतून स्वतःचा चष्मा पुढे केला.
मी मास्क काढला, चष्मा लावून पाहिला, परत दिला.
सगळे हसले, ती सोडून.
श्लेगल कोचने बुटाने माझ्या पायांवर माती उडवली,
दुसऱ्या दिवशी त्याच्या पेटीत
विजेचं बिल मीच टाकलं.
"पाऊस येईलसं वाटतं," तो म्हणाला.
"वाटतं खरं," मी म्हणाले.

ते सगळं करड्या पँटसोबत
मशीनमध्ये जातं. निघतं.

एक निघत नाही.

जूनमधला मंगळवार, शेवटची इनिंग.
डॅक्स नावाचा पिचर, ओळीने अकरा बॉल,
ओठ दातांखाली, डोळे काठोकाठ.
समोर मारिसोल, गावात नवी,
बाप मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला,
म्हणून खुर्च्यांमध्ये तिचं कोणी नाही.
बारावा चेंडू तिच्या घोट्याशी आला,
माझ्या सताड दाराच्याही बाहेरून.
मी श्वास घेतला. वेंडेलने सांगितला तो पूर्ण श्वास घेतला,
आणि तरी माझा उजवा हात वर गेला.

टाळ्या. दोन्ही बाजूंच्या.
डॅक्सने बाहीला नाक पुसलं आणि पुढचे दोन
कसे कोण जाणे, सरळ टाकले.
मारिसोल दोन्हींवर चुकली.

जाताना थांबली. राग नाही,
किती वाजले विचारावं तशी:
"तो पहिला, बॉल होता ना?"

हे चेंडूबद्दल होतं.

मी तिच्याकडे पाठ न करता वाकले,
खिशातला ब्रश काढला, प्लेट झाडू लागले.
प्लेट स्वच्छ होती.
"हो," मी म्हणाले,
जाळीपलीकडे जाणार नाही एवढ्याच आवाजात.

तिने मान हलवली, सही करून
पाकीट घेतल्यासारखी,
आणि बॅट मातीतून फरफटत निघाली.

बॅट अशी ओढायची नसते,
ते सांगायचं राहिलं.